आधी भाकर

रायचूरमधल्या एका ब्राह्मण घराच्या दारात सोळा-सतरा वर्षांची मुलगी उभी होती. मागे तिची आई मरणपंथाला लागली होती आणि ग्लानीत खायला मागत होती. मुलगी साधीसुधी नव्हती. संस्कृत पुराणं तिला मुखोद्गत होती आणि तीर्थाच्या ठिकाणी लोक बसून तिच्या तोंडून भागवत ऐकत. पण भाकर मागण्यासाठी लागणारे दोन शब्द काही तिच्या तोंडातून फुटेनात. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. घरच्या बाईने तिच्याकडे पाहिलं आणि खायला हवं आहे का, असं आपणहून विचारलं. बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातात पडला. मुलीला इतकी लाज वाटली की आभाराचा शब्दही न बोलता ती पळत सुटली. आईपर्यंत भाकर पोचली, पण ती खाण्याची ताकद आईत उरली नव्हती.

आई गेली. तिरडीला खांदा द्यायला भाऊ होता, दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले. चौथी ही मुलगी. उंचीने कमी पडत असल्यामुळे तिला तिरडीचा आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला. वडील आधीच गेले होते, पुढे काही महिन्यांत थोरली बहीणही गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातल्या दुष्काळाने अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं अख्खं घर असं पुसून टाकलं. उरले श्रीनिवास आणि रमा. या रमेलाच महाराष्ट्र पंडिता रमाबाई म्हणून ओळखतो.

भाकरीच्या तुकड्याची ही हकिगत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली, तीही वीस-एक वर्षांनी, दुसऱ्या दुष्काळात शेकडो मुली गोळा करून त्या पुणे जिल्ह्यात आणत होत्या तेव्हा. दोन दुष्काळांच्या मधल्या काळात त्यांनी धर्म बदलला होता. बाजरीचा तुकडा देणारी बाई मात्र हिंदूच होती. भुकेल्याचा चेहरा ओळखणं ही कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही, हे रमाबाईंना त्यामुळे फार लवकर कळलं होतं. तरीही त्यांच्यासारख्या शास्त्रांत मुरलेल्या बाईला ख्रिस्ती धर्मात शरीराच्या दुःखासाठी वेगळं असं काय सापडलं? पुण्याच्या पेठांतून केडगावच्या माळापर्यंत जाणाऱ्या वाटेवर या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं.

पोटात तुटणं

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ असं मराठी माणूस अर्धवट थट्टेत म्हणतो. या म्हणीत पोट आणि देव यांच्यात एक रांग लावलेली आहे. ख्रिस्ती शुभवर्तमानांत ही रांग जागोजागी मोडते. येशूने शिकवलेल्या छोट्याशा प्रार्थनेत देवाचं राज्य आणि पापांची क्षमा यांच्याच ओळीत रोजच्या खाण्याचं मागणं येतं. मराठी भाषांतरकारांनी त्या मागण्यासाठी ‘भाकर’ हा शब्द निवडला. अन्न, भोजन, नैवेद्य असे भारदस्त शब्द हाताशी असताना त्यांनी तव्यावरचा शब्द उचलला. त्यामुळे मराठी ख्रिस्ती घरांत आजही लहान मूल डोळे मिटून देवाकडे जे पहिलंवहिलं मागायला शिकतं, त्यात भाकर असते.

पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. येशूच्या अखेरच्या आठवड्यापूर्वीचा हा एकच चमत्कार चौघांनीही नोंदवला आहे. संध्याकाळ झाली आहे, जागा ओसाड आहे, समोर हजारोंचा जमाव आहे. शिष्य व्यवहारी सल्ला देतात, की लोकांना गावांत पाठवून द्या, आपापलं विकत घेऊन खातील. येशू ती जबाबदारी उलट शिष्यांवरच टाकतो. याइरच्या मुलीची गोष्ट याहून घरगुती आहे. बारा वर्षांची मेलेली मुलगी उठून चालू लागते, घरचे थक्क होऊन पाहत राहतात आणि येशू सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. आजारातून उठलेल्या पोराच्या आईला सुचावं तसं हे सुचणं आहे.

शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीकमध्ये येशूच्या दयेसाठी वारंवार येणारं एक क्रियापद आहे, ‘स्प्लान्ख्निझोमाय’. त्याचं मूळ ‘स्प्लान्ख्ना’ म्हणजे आतडी, काळीज, पोटातले अवयव. ही डोक्याने ठरवून केलेली दया नव्हे. मराठीला हे परकं वाटायचं कारण नाही, कारण आपलंही आतडं तुटतं, पोटात कालवतं, आतडं पिळवटून निघतं. मराठी बायबलात या जागी ‘कळवळा’ येतो. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं तेव्हा हा शब्दही त्यांच्या हाताखालून गेला असणार. त्या शब्दाचा अर्थ लावायला त्यांना कोशाची गरज पडली नसेल.

अर्थात ख्रिस्ती परंपरेत शरीराला कमी लेखणारे, देहदंड आणि उपास यांतच पुण्य पाहणारे प्रवाहही भरपूर झाले. पण भुकेल्याला खाऊ घालणं, तहानेल्याला पाणी देणं, उघड्याला पांघरूण घालणं, आजाऱ्याला भेटणं यांवर अंतिम न्याय अवलंबून असल्याचं मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे. त्याला बगल देणं कोणत्याच पंथाला पुरतं जमलेलं नाही.

हौदांच्या शहरात

हा विचार ज्या पुण्यात येऊन पोचला, तिथे खाणं-पिणं ही नुसती शरीराची गरज नव्हती. कोणी कोणाच्या हातचं खावं, कोणाच्या घागरीने पाणी भरावं, कोणाच्या पंक्तीला बसावं यात धर्माचा मोठा भाग सामावलेला होता. म्हणून इथे भाकर देणं किंवा घेणं ही नुसती भूतदया राहत नसे. त्यावर लगेच धर्माचा प्रश्न उभा राही.

गुरुवार पेठेचं उदाहरण घ्या. पाण्याच्या पाच हौदांवरून तिथल्या भागाला पंचहौद हे नाव पडलं. १८७०च्या दशकात तिथे अँग्लिकन मिशनची वस्ती उभी राहिली आणि इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्स कामाला आल्या. १८८५ साली उभं राहिलेलं पवित्र नाम देवालय आणि त्याचा सुटा, उंच घंटामनोरा आजही त्या पेठेच्या माथ्यावर दिसतो. तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, गंज पेठेत, जोतीराव फुल्यांचा वाडा आहे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. बायबल त्यांनी वाचलं होतं आणि मिशनऱ्यांच्या कामाची त्यांना कदर होती. ख्रिस्ती मात्र ते झाले नाहीत. १८७७च्या दुष्काळात त्यांनी आणि सावित्रीबाईंनी सत्यशोधक मंडळींच्या मदतीने धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी आश्रम चालवला. त्याच दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम अर्धा किलो, धान्य पुरेल असा हिशेब मांडला होता. त्या हिशेबाशेजारी धनकवडीची चूल ठेवून पाहिली की दयेचं मोजमाप कसं बदलतं ते कळतं.

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमासाठी गावातली चाळिसेक प्रतिष्ठित मंडळी जमली. चहा आणि बिस्किटं पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी ती नावं वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं. नावांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहाने जे शहर दोन वर्षं ढवळून निघतं, तिथे ख्रिस्ती बाई विधवांना जेवू घालू लागली तर काय होईल?

नेमक्या त्याच वर्षाच्या अखेरीस रमाबाई आपलं शारदा सदन मुंबईहून पुण्याला घेऊन आल्या.

विहिरीवरची बाई

रमाबाई पुण्यात पहिल्यांदा आल्या त्या १८८२ मध्ये. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या विधवा होत्या आणि कडेवर लेक मनोरमा होती. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केलेला होता. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. पंचहौदच्या सिस्टर्सशी ओळख झाली ती याच काळात. १८८३ मध्ये वैद्यकी शिकायच्या इराद्याने त्या इंग्लंडला, वाँटेजच्या मठात पोचल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत मागे पडला.

त्यांना हलवणारी गोष्ट घडली ती लंडनजवळच्या फुलहॅममध्ये. ज्यांना समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलं होतं, अशा बायकांसाठी सिस्टर्सनी तिथे एक आश्रयगृह चालवलेलं होतं. त्या बायकांना मायेने सांभाळलेलं पाहून रमाबाई चकित झाल्या. त्यांना ज्ञात असलेल्या धर्मशास्त्रांत अशा बाईसाठी शिक्षा होती, आसरा नव्हता. हे सगळं कशासाठी, असं त्यांनी विचारलं तेव्हा एका सिस्टरने त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपार, विहीर, तहानलेला येशू, आणि ज्या जमातीशी यहुदी लोक व्यवहार ठेवत नसत तिच्यातली, गावाने नावं ठेवलेली एक बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो.

पाणवठ्यावर कोण कोणाकडून पाणी घेतो, यावर उभ्या असलेल्या समाजातून आलेल्या बाईला ही गोष्ट किती भिडली असेल, हे पुणेकराला वेगळं समजावून सांगायला नको. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण नव्या धर्माने पुढे केलेलं सगळं ताट त्यांनी मुकाट्याने स्वीकारलं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वादांनी भरलेला आहे. त्रैक्याचा सिद्धांत, बिशपचे अधिकार, गळ्यातल्या क्रुसावरची लॅटिन अक्षरं यांवर रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. आणि खाण्यावरूनही! त्या शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालत नसे. सिस्टरबाईंना त्यात जुना जातीचा ताठा दिसला. रमाबाईंच्या दृष्टीने ख्रिस्ती होण्यासाठी आपलं ताट बदलायची गरज नव्हती.

हेच तत्त्व त्यांनी शारदा सदनात लावलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेल्या या घरात उच्चवर्णीय विधवांना आपलं सोवळं पाळायची, वेगळं रांधून खायची मोकळीक होती. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा होता, सल्लागारांत रानडे आणि डॉ. भांडारकर होते. इथे येणाऱ्या विधवेला डोक्यावरचे केस वाढवायची मुभा होती. अंगभर कपडे, दोन वेळचं जेवण, उशी-पांघरूण आणि अक्षरओळख मिळे. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून बाया कर्वे झाल्या.

अडचण अशी होती की रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये ‘केसरी’ने हल्ला चढवला, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू हा शब्द बाईंनी पाळला नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. माझ्या श्रद्धेपायी मी कुणावर जबरदस्ती केली नाही, पण ती लपवणारही नाही, ही रमाबाईंची बाजू. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. त्यामुळेच तो वाद अजून शिळा झालेला नाही.

केडगावचा माळ

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागतं. तिथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावायला सुरुवात केली होती. विचार सरळ होता. परदेशातून येणारा पैसा आज आहे, उद्या नसेल. झाडं मात्र फळं देत राहतील.

१८९६ मध्ये पावसाने दगा दिला. मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाईंच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या आईबापांचं मरण उभं राहिलं. हातात पैसा नव्हता. तरी त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्या आणि अनाथगृहं त्यांनी पाहिली, तरुण मुलींवर टपलेले लोक पाहिले, आणि सांगाडा झालेल्या मुली बरोबर घेऊन परतू लागल्या. काही महिन्यांत अशा सुमारे तीनशे मुली आणि बायका जमल्या.

नेमका तेव्हाच पुण्यात प्लेग शिरला. शहरात एवढी माणसं दाटीने ठेवायला प्रशासनाची परवानगी मिळेना. मग मुलींना केडगावच्या उघड्या माळावर हलवलं गेलं. तंबू, झाडाखालच्या पथाऱ्या, गवताच्या झोपड्या अशी सुरुवात झाली. मुलींच्या अंगावर जखमा होत्या, पोटं बिघडलेली होती. कित्येक जणी सगळं करूनही वाचल्या नाहीत. याच वसाहतीला ‘मुक्ती’ हे नाव मिळालं.

त्या वसंतात पुण्यात काय चाललं होतं ते पाहिलं तर या कामाला पार्श्वभूमी मिळते. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. मे महिन्यात रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांची कशी आबाळ होते ते चव्हाट्यावर मांडलं. गोऱ्या सरकारला ते चांगलंच झोंबलं. ख्रिस्ती झालेली बाई ख्रिस्ती राज्यकर्त्यांची पाठराखण करेल, असा कोणाचा समज असेल तर तो या पत्राने खोटा ठरवला.

१८९९-१९०० मध्ये गुजरातेत आणि दख्खनेत पुन्हा दुष्काळ पडला, तोच ‘छप्पनिया’. रमाबाईंच्या सहकारी बायका आता स्वतःच गावोगाव जाऊन मुली आणू लागल्या. त्यांतल्या काही तीन वर्षांपूर्वी स्वतः दुष्काळातून आलेल्या होत्या. १९००च्या सुमारास केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती.

एवढ्या तोंडांना पुरवायचं कसं? ब्रिस्टॉलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. म्यूलर माणसांपुढे हात पसरत नसत. गरज फक्त प्रार्थनेत सांगायची, असा त्यांचा रिवाज होता. रमाबाईंनीही तोच कित्ता उचलला. पण प्रार्थनेतून उठल्यावर त्या विहिरी खणून घेत. केडगावात शेती होती, गाई होत्या, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, शिवण होतं, छापखाना होता. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवायची व्यवस्था केली. म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, फसवल्या गेलेल्या मुलींसाठी वेगवेगळी सदनं निघाली. देव देईल हा भरवसा आणि विहिरीला पाणी किती हा हिशेब, हे दोन्ही एकाच बाईच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदत होते.

केडगावच्याच छापखान्यात रमाबाईंचं बायबल छापलं गेलं. अक्षरं जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं मुक्तीतल्या बायका करत. भाषांतर हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मनोरमाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. मुक्ती मिशनचं काम केडगावात आजही चालू आहे.

पोटासाठी बाटले?

दुष्काळात मिशनच्या दारात गेलेल्यांना आणि नंतर बाप्तिस्मा घेतलेल्यांना ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या ऐकावा लागला. त्या टोमण्यामागचा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. उपाशी माणसाला भाकर देताना बरोबर धर्मही पुढे केला, तर त्याची निवड मोकळी कशी म्हणायची? मुक्ती ही शारदा सदनासारखी तटस्थ संस्था नव्हती. ती उघडपणे ख्रिस्ती होती. दहा-बारा वर्षांच्या अनाथ मुलीसमोर तिथे दुसरी वाट फारशी नव्हती, हे मान्यच करायला हवं.

पण टोमणा मारणाऱ्याला उलटा प्रश्नही विचारता येतो. छावणीच्या कुंपणाशी पडलेल्या त्या मुलीला बाकी कोण न्यायला आलं होतं? आणि जिच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं, तिला ‘तुझा धर्म भाकरीसाठी गेला’ असं म्हणताना तो धर्म तिला काय देत होता? जोतीराव फुल्यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली, ती याच अंगाने. शिवाय पोट आणि श्रद्धा यांची अशी कडक फाळणी फक्त भरल्या पोटाच्या माणसालाच परवडते. ज्या प्रार्थनेत भाकर आणि क्षमा एका श्वासात मागितली जाते, तिच्यात ही फाळणी मुळात बसतच नाही.

मिशनच्या कामातही या प्रश्नाचं उत्तर हळूहळू बदलत गेलं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं तेव्हा सेवेबरोबर उपदेश हे गृहीतच होतं. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत मराठी मुलुखातच असे ख्रिस्ती लोक पुढे आले, ज्यांनी भाकर आणि पाणी यांना कोणतीही शेपटी जोडली नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. औषधं घेऊन गेलेल्या या डॉक्टरांना गावांनी सांगितलं की आम्हाला आधी अन्न आणि पाणी हवं. तो ७१-७३च्या दुष्काळाचा काळ होता. दवाखाना दुय्यम ठरला. सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू झाली, कूपनलिका खोदल्या गेल्या. कूपनलिकेची जागा निवडताना तिथे एक शहाणपणा होता. ती दलित वस्तीत घ्यायची. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाने तिथे यायचं. पंचहौदच्या चहाला जे जमलं नव्हतं, ते जामखेडच्या हातपंपाने बरंचसं केलं. पुढे गावातल्याच, बहुतेक शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत काम करताना त्यांनी धान्यवाटपाच्या पलीकडे बघितलं. डोंगरावरून वाहून जाणारं पाणी अडवलं नाही तर दर काही वर्षांनी पुन्हा धान्यच वाटत बसावं लागेल, हे त्यांना दिसलं. चर खणणं, बांध घालणं, चराईबंदी, गावाचं श्रमदान यांतून पाणलोटाचं काम उभं राहिलं आणि भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची पायाभरणी झाली. या कामाला आधार देणारी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट म्हणजेच ‘वॉटर’ ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. या कामात कोणाला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. मातीत पाणी मुरलं की काम झालं.

‘उद्या ये’

१९९१ मध्ये पुण्यातल्या एका सेवासंस्थेत काम करणाऱ्या सिस्टर लुसी कुरियन यांच्याकडे एक गरोदर बाई आली. नवऱ्यापासून जिवाला भीती आहे, मला इथे ठेवून घ्या, एवढंच तिचं मागणं होतं. सिस्टर लुसी केरळातून आलेल्या, होली क्रॉस संघातल्या साध्या नन. निर्णय घ्यायचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. वरिष्ठांना विचारून उद्या काहीतरी करते, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिलं. सिस्टर लुसींनीच तिला दवाखान्यात नेलं. ती वाचली नाही, पोटातलं बाळही वाचलं नाही.

ही गोष्ट सिस्टर लुसींनी नंतर जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे, स्वतःला पाठीशी न घालता. रायचूरच्या दारातल्या बाईने मुलीचा चेहरा वाचला आणि तिथल्या तिथे भाकर दिली. इथे बाईने तोंड उघडून मागितलं होतं, ऐकणारीच्या मनात दयाही होती, कमी पडली ती रिकामी खोली आणि ‘हो’ म्हणण्याचा अधिकार.

ती खोली उभी करायला सहा वर्षं लागली. फेब्रुवारी १९९७ मध्ये पुण्याजवळच्या वढू बुद्रुक या गावी, संभाजी महाराजांची समाधी आहे त्याच गावात, एक घर उघडलं. मारहाण झालेल्या, हाकलून दिलेल्या, मनाचा तोल गेलेल्या बायका आणि त्यांची मुलं तिथे येऊ लागली. पुढे अशी घरं वाढत गेली, निराधार पुरुषांसाठीही सोय झाली. ‘नारी शक्ती’ पुरस्काराने या कामाची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. एका ख्रिस्ती ननने सुरू केलेली ही संस्था स्वतःला सर्वधर्मीय म्हणवते. तिथे सगळ्या धर्मांचे सण होतात आणि कोणाला जात किंवा धर्म बदलावा लागत नाही.

घराला नाव देताना सिस्टर लुसींना संतांची नावं हाताशी होती, बायबलातली होती. रमाबाईंनी आपल्या घरांना सरस्वतीच्या ‘शारदा’पासून ‘मुक्ती’पर्यंतची नावं दिली होती. केरळातून आलेल्या या बाईने वढूच्या घराच्या दारावर मराठी लिहिलं: ‘माहेर’.